काहिलीतला एकोपा

मखमलाबाद, नाशिक
१४ मे २००७

तीर्थरूप गोटीरामदादांस धाकटा बंधू लहानू याचा शिरसाष्टांग नमस्कार. (नमस्कार कागदावरचा आहे. समोर भेटलात तर वाकणार नाही.) वहिनींना, निकिताला आणि जावईबापूंना यथायोग्य सांगावे. आपली तब्येत बरी असेलच. सटाण्याची हवा कोरडी, आणि आपल्याला कोरडेपणा पहिल्यापासून मानवतो. माझा गुडघा दुखतो. विचारलं नाहीत तरी सांगून ठेवतो. आपण फोन उचलत नाही म्हणून हे पत्र. 'आपण' लिहितोय ते मानानं नव्हे, रागानं. बोलत होतो तेव्हा 'तू'च म्हणायचो.

तर डोकं फिरायचं कारण असं की आपल्या बेटाचा इतिहास छापून आला आहे. सायखेड्याच्या उत्सवाच्या स्मरणिकेत, खताच्या दुकानाच्या जाहिरातीशेजारी. लिहिणारे नाशकातले एक निवृत्त प्राध्यापक. ते लिहितात की बेटाचे आद्य पुरुष सावळीराम यांना संसाराचा उबग आला, म्हणून एकांतासाठी ते गोदामाईच्या पात्रातल्या या भूमीवर येऊन राहिले. एकांत म्हणे. आपला आजा मरेपर्यंत म्हशीशीसुद्धा भांडत होता, त्याला एकांत कशाला हवा होता? सख्ख्या भावाशी उसाच्या पाण्याच्या पाळीवरून वाजलं, वाटण्या झाल्या, भावानं गुऱ्हाळातला चरक ठेवून घेतला आणि आज्यानं काहील उचलली. रस काढायचा चरक एकाकडे, तो कढवायची काहील दुसऱ्याकडे. तेव्हापासून दोन्ही घरांत गूळ विकत येतो. (हे प्राध्यापकांना सांगितलं तर म्हणाले, संदर्भ आहे का. मी म्हटलं, आमचा सगळा भाऊबंद हाच संदर्भ.) आज्यानं ती काहील पाण्यात लोटली, तिच्यात आजी बसवली, वांग्याची रोपं ठेवली आणि भावाचं तोंड दिसणार नाही अशी जागा म्हणून बेट गाठलं. तिथून भावाचं घर नीट समोर दिसतं हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. पण आता परत कसं जायचं?

त्यानंतर बेटावर जो आला तो भांडूनच आला. लंकाबाई जावेशी भांडून आली, तिचा नवरा तिच्याशी भांडत मागून आला. दहा-अकरा उंबरे झाले, आणि त्यांत एकमेकांशी सगळे बोलताहेत असा एक दिवस कुणाच्या आठवणीत नाही. तरी हा गृहस्थ लिहितो, 'बेटवासीयांचा पिढ्यानपिढ्यांचा एकोपा अनुकरणीय आहे.' ही ओळ वाचून मी कपबशी आपटली. (बशी गेली. कप आहे.) एकोपा असता तर अख्खं बेट कधीच बुडून मेलं असतं, आणि हे तुम्हाला-मला सांगायला नको. काहील पडली गोल. एकट्यानं बांबूनं रेटली तर जागच्या जागी घुमते. दोन कडांना दोघं लागतात, आणि ते दोघं न बोलणारे लागतात. बोलणारे बोलता बोलता एकमेकांकडे सरकतात, कड खाली जाते आणि काहील पाणी घेते. भांडलेली माणसं मात्र तोंडं फिरवून आपापल्या कडेला चिकटून बसतात. अशी काहील ताटासारखी सपाट चालते. म्हणून तर कुणाला बाजारला जायचं असलं की बेटावर विचारायचे, सध्या तुझं कुणाशी वाकडं आहे? त्याला घेऊन ये. आणि पाण्यात असताना भांडण काढायचं नाही, काठावर उतरून जिथं थांबलं होतं तिथून पुढे सुरू करायचं, हा आपल्याकडचा कायदा. यातलं एक अक्षर स्मरणिकेत नाही.

का नाही, तेही सांगतो, म्हणजे माझा राग कुठवर गेलाय ते कळेल. प्राध्यापकांना बेट बघायचं होतं. कोळ्याची होडी होती, पण त्यांना पारंपरिक जलवाहनच हवं. सायखेड्याच्या काठावर बाभळीखाली आपली काहील पालथी पडली आहे, ती मी काढली. गृहस्थ बांबू बरा चालवतो. सुरुवातीला मी त्यांच्यावर चिडलेलोच होतो, कारण त्यांनी मला 'माहितीदार' म्हटलं होतं, त्यामुळे अर्ध्या पाण्यापर्यंत छान गेलो. मग त्यांनी विचारलं, तुमचे आजोबा वांगी कोणती लावायचे. दादा, वांग्यांचं कुणी विचारत नाही हो हल्ली. मी सांगायला लागलो, ते ऐकायला लागले, मी थोडा सरकलो, तेही सरकले. त्यांचा कॅमेरा, वह्या आणि डाव्या पायातला बूट गोदावरीत आहे. आम्ही छातीभर पाण्यात उभे, आणि बेटावरून आई बघत होती. तिनं मदतीला हाक मारली नाही. इतकंच म्हणाली, "लहानू, त्यांच्याशी गोड बोललास ना रे?"

वह्या बुडाल्यावर त्यांनी इतिहास डोक्यातून लिहिला, आणि त्या डोक्यात पाणी गेलेलं होतं.

आता आईचं. आपण पोळ्याला कोळ्याच्या होडीतून तिला भेटून जाता, मी दिवाळीला जातो, दोघं एकमेकांना चुकवून. आणि आई स्वतःहून सांगायची नाही, म्हणून तुम्हाला माहीत नसेल, गेल्या पावसाळ्यात पाणी तिच्या चुलीपर्यंत आलं होतं. बाकीची घरं कधीच उठली. कुणी सातपूरला कारखान्यात, कुणी विंचूरला. उरली ती, तिच्या दोन शेळ्या आणि वांग्याचे वाफे. तेव्हा सरकारी माणसं रबरी बोट घेऊन आली होती. ती म्हणाली, फुग्यात बसायची नाय. कोळ्याच्या होडीत चहासाखर येते तेवढी पुरे, म्हणाली. परवा मी जाऊन ओरडलो, रडलो, शेळी ओढत निघालो. (शेळीनं गुडघ्यावर मारलं. तोच हा गुडघा.) तर आपल्या मातोश्री कुसाबाई शांतपणे वांगी खुडत म्हणतात, "मी सून म्हनून काहिलीत आले, काहिलीतच जाईन. एका कडंला तू, एका कडंला गोट्या. दुसरं कुनी नको." मी म्हटलं, अगं आम्ही बोलत नाही. ती म्हणाली, म्हणूनच.

यंदा पाणी चुलीवर थांबणार नाही, दादा. मला भीती वाटते आणि भीती वाटली की मला राग येतो.

आपल्यावरचा राग मात्र वेगळा आहे, तो यात मिसळू नये. निकिताच्या लग्नात विंचूरच्या कंपनीच्या मॅनेजरला आपण स्वतःच्या हातानं फेटा बांधलात, आणि मुलीच्या सख्ख्या चुलत्याला टॉवेल-टोपी. तीही टोपी लहान. आठ वर्षं झाली, मांडवातले सगळे माझ्या कपाळावर टेकलेल्या त्या टोपीकडे बघत होते ते अजून दिसतं. हे मी विसरणार नाही. पत्र संपवतो. वहिनींच्या हातच्या मिरचीच्या ठेच्याची आठवण येते, पण ते त्यांना सांगू नये.

आपला (नाइलाजानं) धाकटा भाऊ,
लहानू

ता. क. मृग लागायच्या आत सायखेड्याला यावे. काहील मी पाण्यातून ओढून काढली, घासून, भोक बुजवून ठेवली आहे.

ता. क. २. येताना रुसवा सोडून येऊ नये. माफी वगैरे मागायची असेल तर ती पलीकडून परत आल्यावर. मध्ये आई बसलेली असणार, आणि तिला पोहता येत नाही. ती सटाण्याला येणार की माझ्याकडे नाशकात, हेही काठावर उतरूनच भांडू. मी आत्तापासून सांगतो, ती माझ्याकडे येणार.

ता. क. ३. एक अडचण आहे. वय झालं, राग पूर्वीसारखा टिकत नाही. रोज सकाळी ती टोपी डोक्यावर घालून आरशात बघतो तेव्हा कुठं थोडा येतो, आणि काल तर बघता बघता हसू आलं. जाऊन-येऊन एका फेरीपुरता उरला असेल. तेवढ्यात ये रे.