केजातला एकमेव दुभाष्या

६ मे २०१३
रविवारी केजमध्ये दूध-सहकार मेळावा. कर्नाटकातून तीस पाहुणे येणार, त्यांच्याशी बोलणार कोण? आमचे चेअरमन रामकिसनराव घामाघूम. आख्ख्या संघात इंग्रजी येणारा क्लार्क मी एकटा. तसं सांगितलं, तर म्हणाले, वासरांत लंगडी गाय शहाणी. म्हणजे माझं शहाणपण त्यांनाही मान्य. पाहुण्यांनी आमच्या दुष्काळी जनावरांच्या छावणीला चारा कबूल केला तर मला पीआरओ करणार. फिरती खुर्ची लागेल, हे आजच सांगून ठेवलं.

७ मे
संकल्प: रोज पन्नास इंग्रजी वाक्यं. आज तीन झाली. ऊनच असलं आहे.

८ मे
स्टाफला मॅनर्स शिकवले. ताकीद दिली, रविवारी कुणी तोंड उघडायचं नाही, नुसतं हसायचं. शिपाई भारत विचारतो, दात दिसू द्यायचे का न्हाई? असल्या लोकांत माझी उमर गेली.

१० मे
युसूफ वडगावची बायनाबाई आली. ऊसतोडीवाली. तिची चार जनावरं छावणीत. म्हणे, सायेब, मी पंधरा सालं कर्नाटकात... पुढचं ऐकलंच नाही. कोयतेवाली बाई मला कर्नाटक शिकवणार! मेळाव्यात तिला रांजणापाशी नेमली. म्हटलं, पाणी द्यायचं, तोंड मिटून.

११ मे
वाक्यं एकूण सात. क्वालिटी महत्त्वाची. सफारीला इस्त्री केली. छावणीत चारा उद्यापुरताच हाय, म्हणून भारत रडगाणं गात होता. या गावात जनावरांनाही धीर नाही.

१२ मे, सकाळी ११
पाहुणे आले. धोतरवाले म्हातारे! यांच्यासाठी इस्त्री? सातही वाक्यं बोललो. टाळी नाही. इंग्रजी येत नाही त्यांना. हिंदी लावली, तीही नाही. तेच पुन्हा मोठ्यानं म्हटलं. उठून गाडीकडं निघाले. गाढवाला गुळाची चव काय!

दुपारी ४
जाता जाता एक म्हातारा रांजणापाशी थांबला. पाणी देताना बायनाबाई त्याच्याशी चक्क कन्नडात बोलली. सगळे परत फिरले. हिनं त्यांना छावणीत नेलं, रिकाम्या गव्हाणी दाखवल्या, मधेच रडली. ते म्हातारेही डोळे पुसायला लागले. शिस्त म्हणून नाही! ताकीद मोडल्याबद्दल मी मेमो लिहायला बसलो. तेवढ्यात चेअरमन म्हणाले, उत्तरेश्वर, ऊठ, बाईला खुर्ची आण.
फिरती आणावी लागली.

१४ मे
चाऱ्याचे दहा ट्रक आले. ड्रायव्हर सगळे तिकडचेच. त्यांना पाणी द्यायला चेअरमननी मला रांजणापाशी उभं केलंय. टेम्पररी असणार.
‘पाणी घ्या’ला कन्नडात काय म्हणतात, ते बायनाबाईनं शिकवलं. सकाळपासून म्हणतोय. एकालाही कळेना. अडाणी लेकाचे.
शेवटी बायनाबाईच जवळ आली. म्हणाली, सायेब, ऱ्हाऊ द्या. तुमी तोंड मिटूनच द्या.