नळीत मावणारा मणी

तान्हीच्या आईला,

मी ठणठणीत आहे. कामही बसूनच आहे. खेळण्यातल्या अस्वलांचे डोळे चिमट्याने ओढून बघायचे. एक जरी निघाला तरी सगळा माल परत.

तान्हीसाठी काय घ्यायचं विचारलंस. कापडी चेंडू घे, डोळे दोऱ्याने भरलेली बाहुली घे. बाबागाडीला पोटावरून पट्टा हवा. पांगुळगाडा मात्र नको, आई कितीही मागे लागली तरी. दात आला का गं तिला?

इथे लहान मुलाच्या घशाएवढी एक नळी असते. तिच्यात जे मावेल ते खेळणं बाद. आपली थोरली गेली त्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या घशातून काढलेला खुळखुळ्याचा मणी मी पाकिटात जपून ठेवलाय, तुला कधी सांगितलं नाही. काल तो नळीत टाकला. अलगद तळाशी गेला.

तीन वर्षं मी म्हणत आलो, तुझं लक्ष नव्हतं. आईही तेच म्हणते. तिला हे पत्र वाचून दाखव. खुळखुळा मी आणला होता. त्याचं टोपण सैल आहे, असं तू त्याच दिवशी म्हणाली होतीस. मी हसलो होतो.

तान्हीचा पापा घे.

थोरलीचा बाप