शेवटची खुंटी

गोडदेव, भाईंदर
१२ फेब्रुवारी १९९२

प्रिय वैजयंता,

जयभीम. मी इथे मजेत आहे, तूही माहेरी मजेत असशील. अंगठ्याची जखम भरलीय, तेव्हा ते विचारत बसू नकोस.

आपली वखार चांगली चाललीय. बिल्डिंगींत गॅस आला म्हणून सरपण कमी खपतं, पण लग्नाचे आचारी येतातच. उरलेल्या वेळात पोळपाट करतो, तेही जातात.

आता गंमत ऐक. जळणाच्या टेम्पोत फणसाचा एक ओंडका आला. कुऱ्हाड घातली तर आत पिवळाधमक! जाळायचा जीवच होईना. मग त्याचा पाळणा केला.

रागावू नकोस. मूल यायच्या आधी पाळणा करू नये, असं तुझी आई म्हणते, ते ठाऊक आहे मला. म्हणूनच एक खुंटी ठोकायची बाकी ठेवलीय. ती ठोकत नाही तोवर तो पाळणा नाहीच! कुणी विचारलं तर कांदे-बटाट्याची पेटी म्हणून सांगतो. काल शेजारच्या जसुबेन म्हणाल्या, "कोंडिरामभाई, हमको भी ऐसी पेटी बनाके दो." हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

पाय अजून सुजतात का? डॉक्टरीणबाईंकडे जातेस ना? मागच्या वेळचं मनात आणू नकोस. मीही आणत नाही.

मुलगी होवो की मुलगा, बाबांना लगेच तार करायला सांग. आई-बाबांना माझा जयभीम.

तुझाच,
कोंडिराम

ता. क. हातोडी उशाशी घेऊन झोपतोय.