डाग निघाला की येतो

॥ श्री ॥

ती. दादांस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुम्ही आणि वहिनी खुशाल असाल; नसतात तर गालिच्याची चौकशी करणारे तुमचे फोन असे वेळच्या वेळी आले नसते. इकडे आम्ही बरे आहोत. गालिच्याची तब्येत तेवढी नाजूक आहे.

बदली झाली तेव्हा तुम्ही दोन गोष्टी आमच्याकडे ठेवून गेलात, एक गालिचा आणि दुसरे बाबा. गालिच्याला ऊन लावू नका, त्यावरून खुर्ची ओढू नका, अशा सूचना होत्या. (बाबांबद्दल काहीच सूचना नव्हत्या, त्यामुळे त्यांना आम्ही आमच्या मनाने सांभाळतो.) आता तुमच्या नव्या दिवाणखान्याला गालिचा हवा झाला आणि नेमकी त्यावर शाईची बाटली सांडली. बाबांच्या हातून. तुम्हालाच पत्र लिहायला ते पेन भरत होते. फोनवर तुम्ही म्हणालात, "डाग निघाला की कळव, मी स्वतः घ्यायला येतो." तेव्हापासून या घरात दुसरा विषय नाही.

पहिला इलाज माझा. गावच्या शाळेत दऊत कलंडली की गुरुजी खडूचा चुरा टाकून घासायला लावीत. शाळेची जमीन मातीची होती, हे मला घासून झाल्यावर आठवले. वाटीएवढा डाग ताटाएवढा झाला. मग हिने त्यावर दूध ओतले. शाई जागची हलली नाही, पण शेजारचे मांजर मुक्कामाला आले आणि वासाने खोलीत बसवेना. शेवटी वरच्या मजल्यावरचे रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर आले (यांचा आत्मविश्वास अजून निवृत्त झालेला नाही). त्यांनी कसलीशी बाटली आणून स्वतःच्या हाताने थेंब टाकले. गालिच्यातले लाल फूल साफ निघाले. डाग आहे तिथेच आहे. "भावजींना म्हणावं, डाग आत जाईल अशी घडी घाला," ही म्हणाली, "नको ते झाकून ठेवायची सवय आहेच त्यांना." मी तिला गप्प केले, पण फार जोरात नाही.

रोज सकाळी मी देवापुढून उठलो की बाबा खाटेवरून विचारतात, "निघाला का रे?" मला वाटे, सांडल्याची लाज वाटत असेल. परवा वैतागून म्हणालो, "बाबा, मरू दे तो गालिचा!" तर म्हणाले, "गालिच्याला कोण विचारतंय? डाग निघाल्याशिवाय थोरला यायचा नाही ना."

एवढ्या वर्षांत मी देवाकडे कधी काही मागितले नव्हते. आता रोज हात जोडून शाईचा डाग जाऊ दे म्हणतो. त्यालाही काय वाटत असेल!

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
धाकटा

ता. क. डाग पूर्ण निघाला. गालिचा नव्यासारखा दिसतो. लवकर न्यायला या.

आणखी एक ता. क. वरची ता. क. बाबांनी शेजारी बसून लिहवून घेतली. आता त्यांचा डोळा लागलाय. पत्राच्या माथ्यावर श्री घातली आहे, तिच्याखाली खोटे कसे ठेवू? डाग आहे तसाच आहे, आणि फूलही गेले. तरी या. दारातून आत आल्याबरोबर खाली मात्र बघू नका. खाट उजव्या हाताला आहे.