हिरव्या पट्ट्यातलं पाणी

१० जुलै, गुरुवार
नाला हिरवा.
नात आज झोपेत हसली. मी पाहिलं. प्रज्ञा म्हणते, "आई, इतक्या लहान लेकराले हसता येत नाही वं, गॅस असते तो." गॅस तर गॅस, पण माह्याकडे पाहून झाला. कपाळ आईवर नाही, बापावर नाही, सरळ माह्यावर गेलं. हे मी कोणाले बोलली नाही, इथंच लिहून ठेवते.
मंग वाडीहून विहीणबाईचा फोन. मोबाईलवर कुठला तरी पूर पाहिला त्याईनं. "मागच्या साली तुमच्या घरात टोंगळाभर, गुडघे बुडतीन इतकं पाणी होतं. बाळंतीण कायले ठेवता तिथं? रविवारी गाडी पाठवते." सव्वा महिना व्हायचा हाय अजून. पहिलं बाळंतपण माहेरचं, हेही आता मीच सांगू का? डिंकाचे लाडू डबाभर पडले हायेत. मी म्हटलं, आता सरकारी लोकं पुलाच्या खांबावर पट्टे मारून गेले, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सामान बांधा, लाल म्हणजे निघा. त्या म्हणाल्या, "पिवळा झाला का माही गाडी निघाली समजा." मी म्हटलं, चालते.
बोलून बसली.

१३ जुलै, रविवार
हिरवा. बहुतेक.
खांबावर गवत, पन्न्या, कोणाची तरी चादर अडकून बसली, पट्टा दिसतच नाही. प्रज्ञाच्या बाबाले पाहायले पाठवलं. आले परत. म्हटलं, पाणी कुठं हाय? म्हणे, "नाल्यात." या माणसासंग जन्म काढला मी.
प्रज्ञाच्या मोबाईलवर आज पूर्ण जिल्ह्याले ऑरेंज अलर्ट. बाहेर कडक ऊन, मी लंगोट वाळू घालून राहिली. वि.बाईचा फोन आलाच. म्हटलं, आमच्या खांबावर ऑरेंज नाहीच, हिरव्यानंतर एकदम पिवळा. "तुमाले मजाक वाटते सारं." मले कुठं मजाक वाटते. जिल्हा केवढा, आमचा नाला केवढा. एका रंगात कसा बसन?
नातीचं वजन वाढलं. दवाखान्यातली नर्स म्हणाली छान हाय. तेलाचा हात माहा हाय, हे नर्सले नाही सांगतलं.

१६ जुलै, बुधवार
आज डोक्सच फिरलं. सकाळपासून टपका नाही, अन् दुपारी नाला फुगला. गढूळ, फेस आलेलं पाणी. हिरवा पट्टा अर्धा खाल्ला. मी अंगणात उभी राहून वर पाहते, आभाळ निळं. पाणी आलं कुठून?
प्रज्ञाचे बाबा म्हणे, "वाडीकडच्या टेकड्याईवरून येते हा नाला. तिकडे पडला असन." वि.बाईले फोन लावला. तिकडे सकाळी धो धो पडून गेला, त्याईच्या बाजूच्या गोदामाच्या टिनाईवर असा आवाज का बोललेलं ऐकू येत नव्हतं. घ्या. त्याईच्या घरी पडते अन् माह्या दारात येते. पाऊसही माह्या विहिणीच्याच बाजूनं.

१७ जुलै, गुरुवार
हिरवा, खालीच.
सकाळी मीच फोन केला. पाऊस हाय का तिकडे?
"काहून विचारता?"
"सहज."
"सहज कोणी पावसाची विचारपूस करते का विहीणबाई? पाणी आलं का घरात? खरं सांगा."
नाही म्हटलं. मंग नात काय करते, दूध पुरते का, रंग कोणावर गेला. त्याईचं म्हणणं, कपाळ त्याईच्यावर गेलं. मी हो म्हटलं. पाऊस विचारायचा होता ना, म्हणून.

१९ जुलै, शनिवार
न्हाणी तुंबली. काळं पाणी, घाण वास. प्रज्ञाचे बाबा मलेच बोलले, "तू भाताचे शितं टाकते तिच्यात." मी म्हटलं, तुमी दाढीचे केसं टाकता. बांबूची कमची घेऊन दोघंही बसलो खुपसत. काही निघालं नाही, ना शितं ना केसं. पाणी जराजरानं वरच येऊन राहिलं. उंबऱ्यापर्यंत आलं अन् थांबलं.
आंघोळ बाळंतिणीची, तीही अंगणात आडोसा करून घालावी लागली. शेगडी पेटत नव्हती. नुसती चिडचिड.
संध्याकाळी पाणी आपोआप उतरलं. ते म्हणे, "पाहा, माह्या कमचीनं मोकळं झालं." होऊ द्या खुश.
नाला पाहायचा राहिला.

२२ जुलै, मंगळवार
न्हाणी पुन्हा. या वेळी मी कमची घेतली नाही, सरळ पुलावर गेली. आमच्या घरामागून जो पाइप नाल्यात पडते, त्याचं तोंड पाण्याखाली बुडलेलं. पाणी बाहेर पडायच्या जागी आत शिरून राहिलं. म्हणजे नालाच उलटा येते आमच्या न्हाणीत. अन् खांबावर पाहावं तर हिरवा. पिवळ्याले पाणी लागलंही नाही.
पट्टे घासून पुन्हा रंगवायले एक माणूस आला होता, दोरी बांधून खांबाशी उतरलेला. त्याले विचारलं, भाऊ, तुमचा पट्टा चुकला का? चांगला होता बिचारा, चिडला नाही. म्हणे, "आजी, पट्टा बरोबर हाय. पण तो पुलासाठी हाय. पाणी रस्त्यावर केव्हा येईन ते सांगते तो. तुमचं घर रस्त्याच्या खाली गेलं ना सिमेंटचा रोड झाल्यावर."
"मंग आमच्या घराचा पट्टा कुठं?"
"तो तुमाले पाहा लागन."
घरी येऊन सांगतलं. प्रज्ञाचे बाबा उठून न्हाणीत डोकावून आले. मंग म्हणे, "मागच्या सालीही इथूनच आलं असन." मले आठवलं सारं. आमी समोरच्या दारात रेतीचे पोते रचले होते, पाणी रस्त्यावरून येईन म्हणून. ते आलं मागून, न्हाणीतून. अन् आमच्याच पोत्याईनं घरात अडून बसलं. टोंगळाभर झालं ते आमच्याच हातानं.

२३ जुलै, बुधवार
न्हाणीच्या भोकात चिंध्या कोंबल्या, वरून पाटा ठेवला. प्रज्ञाच्या बाजेखाली विटा लावल्या.
"आई, बाज काहून उंच केली?"
"खालून झाडायले बरं पडते."
"तू कधीपासून बाजेखाली झाडायले लागली वं?"
हसली पोरगी. टाके दुखतात तिचे अजून हसताना. आपली आई काहीतरी लपवून राहिली, हे तिले समजलं असन.

२४ जुलै, गुरुवार
वि.बाईचा फोन. "कोणता रंग?"
हिरवा, म्हटलं. हिरवाच होता. खोटं कुठं बोलली मी? ठरलं होतं पिवळ्याचं. मी काही न्हाणीचं ठरवलं नव्हतं.
नातीले मांडीवर घेतलं तर तिनं माहं बोट धरलं, सोडेच ना. एवढुशी मूठ अन् पकड पाहा. तिले घेऊन खूप वेळ बसली. भाकर थंडी झाली.
घाणीचं पाणी हाय ते. लहान लेकरू. सव्वा महिना काय, पोरगी पुढच्या बाळंतपणालेही येईन. पुढचं बाळंतपण माहेरी नसते पण. हे एकच असते.

२५ जुलै, शुक्रवार
प्रज्ञाच्या बाबाले म्हटलं, काय करू? म्हणे, "तूच ठरव. मी बोललो का म्हणशील, तुमाले नात नको." खरं हाय, असंच म्हटलं असतं.
थोडा पाऊस. चिंध्या पाण्यानं वर ढकलल्या, पाटा हलला. इतका जड पाटा. मी त्याच्यावर स्वतः उभी राहिली. प्रज्ञाच्या बाबानं पाहिलं, अन् हसले नाहीत.

२७ जुलै, रविवार
सकाळी वि.बाईचाच फोन. मागं टिनाचा आवाज इतका का त्या ओरडून बोलून राहिल्या. "इकडे लय पडून राहिला. तुमच्याकडे येईन थोड्या वेळात. रंग कोणता?"
मी न्हाणीच्या दारात उभी. आतून गुडगुड सुरू झाली होती. खांब अजून हिरवा असन, पाहायचीही गरज नव्हती.
म्हटलं, "विहीणबाई, हिरवाच हाय. पण आमच्या घरात हिरव्यातच पाणी येते. न्हाणीतून. परवाही आलं होतं. तुमी गाडी पाठवा."
मले वाटलं आता ऐकवतात. मी तयारच होती ऐकायले.
त्या म्हणाल्या, "परवाच काहून नाही सांगतलं?"
"लेक द्यावी वाटत नव्हती."
"मलेही वाटत नव्हती. माह्या पोरीच्या बाळंतपणात मी तिले दोन महिने ठेवली होती, तिच्या सासूनं निरोपावर निरोप पाठवले तरी." मंग म्हणाल्या, "गाडी निघाली. तुमीही या. शेगडी, लाडू, सारं घेऊन या. तिसऱ्या मजल्यावर राहतो आमी, काही होत नाही. बाळंतपण तुमीच करा, घर माहं."
लेकीच्या सासरी जाऊन राहायचं म्हणजे. माही आई माह्या घरचा चहासुद्धा पीत नव्हती. म्हटलं, पाहते.
"पाहू नका, बसा गाडीत." ठेवला फोन.
प्रज्ञा तयार. नातीले दुपट्यात गुंडाळलं, ती मस्त झोपून राहिली. प्रज्ञाचे बाबा म्हणे, "तू जा, मी पाहतो घराकडे." पाटा सरकला, न्हाणीच्या उंबऱ्याले पाणी लागलं. बाबा विटा आणून राहिले.
जावयाचा आता फोन आला, गाडी पुलाच्या त्या बाजूले उभी हाय, दोघीच येऊन राहिल्या का तिघी, विचारते. प्रज्ञा माह्याकडे पाहून राहिली. मी अजून घरचं लुगडं बदललं नाही.