एस्नातचे शुक्रवार

११ जानेवारी, रविवार

उपासनेनंतर आमचा सत्कार. शाल, गुच्छ आणि पाळकसाहेबांचं भाषण. "मलावीच्या अंधाऱ्या भूमीत सात वर्षं दिवा लावणारं दांपत्य." मलावीत ऊन असं की मी डोक्यावर ओला पंचा घेऊन क्लिनिकला जायचे. पण भाषणात कोण मध्ये बोलणार. ह्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

शाल खांद्यावर असतानाच ह्यांचा फोन वाजला. तिकडून. एक नंबरचा लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद. हे पायरीवर बसून ओरडतायत, "नट ढिला कर! अगं तो नाही, त्याच्या मागचा!" भिवंडीत बसून मलावीतला नट. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

ऑक्टोबरपासून हेच चाललंय. हे गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इकडे आले आणि तिकडचे दोन्ही लूम आजारी पडले. क्लिनिकच्या जखमपट्ट्यांचं सगळं कापड त्यांच्यावर निघतं. हे लूम ह्यांनीच इथून जुने घेऊन बोटीने नेलेले. जन्मभर लूम दुरुस्त केले, निवृत्तीनंतर तेच करायला समुद्रापार गेले. मी दवाखान्यातून निवृत्त होऊन क्लिनिकमध्ये. आमची सेवा म्हणजे जुनीच ड्युटी, फक्त पगार नाही.

आता मिशनचा निरोप आहे: ईस्टरपर्यंत लूम सुरळीत चालले नाहीत तर शेड मक्याच्या कोठाराला देणार. म्हणजे पुन्हा शहरातून पट्ट्यांची वाट बघा. आल्या तर आल्या. तोवर जखमेवर जुनं लुगडं फाडून बांधायचं. मी बांधलंय. पुन्हा बांधायचं नाही.

म्हणून तिकडच्या शेडमधली एस्नात येतेय, दुरुस्ती शिकायला. लूम झकास चालवते, बिघडला की "बाम्बो!" म्हणून ह्यांना हाक मारते. बाम्बो म्हणजे बाबा.

१३ जानेवारी, मंगळवार

एस्नात आली. (पुढे फक्त ए. लिहीन, बोटं दुखतात.) धामणकर नाक्यावर रिक्षा अडकली ती अडकलीच. आजूबाजूला लूमचा खडखडाट. ए. कान देऊन ऐकत बसली आणि म्हणाली, "अमायी, हे अख्खं शहर म्हणजे आपली शेडच आहे!" अमायी म्हणजे आई, मी. मला का कुणास ठाऊक, अभिमान वाटला. इतकी वर्षं त्या आवाजाने डोकं उठायचं माझं.

शेलार गावात घरी पोचतो तर शेजारची जनाबाय ओट्यावर हजर. ए.ला नखशिखांत न्याहाळून झालं. मग, "सिस्टरबाय, ही जेवते काय गो?" मी म्हटलं, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, वर पालाभाजी, सुकी मासळी. जनाबाय उठून गेली ती तांदळाची उकड आणि सुकटीचं कालवण घेऊन आली. ए.ने सुकट बघितली आणि किंचाळलीच, "उसिपा!" त्यांच्या तळ्यातली बारकी सुकी मासळी, तिचं हे नाव. उकडीचा गोळा हातात वळून बोटं चाटूनपुसून जेवली. जनाबाय माझ्याकडे बघून म्हणते, "ही तं आपल्यातलीच हाय."

मी सात वर्षं तिकडे पिठल्याला झुरले. ही पहिल्या दिवशी घरी पोचली.

१६ जानेवारी, शुक्रवार

शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद. म्हणून ह्यांच्या जुन्या सोबत्याने, रहीमचाचाने, शुक्रवारी नमाजनंतर त्याच्या कारखान्यातला एक लूम शिकायला दिलाय. नाक्याच्या मागच्या गल्लीत. ए.ला बघून चाचाचा चहा बशीतच राहिला. "सॅमभाई, औरत को लूम पे? फिटर का काम?" हे म्हणाले, "चाचा, वहाँ औरतें ही चलाती हैं." चाचा: "तो वहाँ के मर्द क्या करते हैं?" ए.ने विचारलं काय म्हणतात. सांगितलं. ती म्हणाली, सांगा, तोच प्रश्न आम्हालाही आहे.

चाचा हसला. अट एकच, रमजान लागायच्या आत शिकून घ्या, पुढे त्याला जमणार नाही.

शिकवणी कसली! ए.ने पाना धरला की ह्यांचा हात पुढे. "असं नाही, असं." आणि पाना ह्यांच्याच हातात. संध्याकाळी लूम चकाचक चालत होता. दुरुस्त कोणी केला? ह्यांनी. ए. पदर खोचून उभी होती. पदर म्हणजे त्यांचं ते कमरेचं रंगीत कापड.

१९ जानेवारी, सोमवार

भांडण. मीच काढलं.

म्हटलं, तुम्ही तिला शिकवत नाही, करून दाखवता. तिकडेही तेच केलंत. लूम थांबला की ताटावरून उठून पळायचात. लूम थांबला की बाम्बोला बोलवायचं, एवढंच ते शिकले.

"मग काय, थांबलेला लूम बघत बसू?"

"हो."

"तुला यंत्रातलं काय कळतं?"

मी म्हटलं, मला यंत्रातलं नाही कळत, तुमच्यातलं कळतं. त्यावर हे दोन दिवस बोलणार नाहीत. बरंच आहे, घर शांत.

२३ जानेवारी, शुक्रवार

वाईट झालं.

धोटा उडाला. लूममध्ये इकडून तिकडे धावणारा तो लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंड. त्याला मार बसायची वेळ चुकली की बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. चाचाच्या कानाजवळून गेला, भिंतीचा पोपडा काढला. ए.ने वेळ लावली होती, हे "थांब थांब" म्हणत मध्ये हात घालत होते, दोघांच्या ओढाताणीत अर्धवट राहिलं. चाचा पांढराफटक. मग लाल. "बस. हो गया. खुदा न करे, किसी की आँख जाती तो?" कारखान्याला कुलूप.

परत रिक्षात. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते आणि मध्येच चिडत होते, त्यामुळे प्रार्थना पुरी होईना.

२४ जानेवारी, शनिवार

सकाळी ए. घरात नाही! फोनही इथेच. आमच्या जिवाचं पाणी. जनाबाय म्हणाली, "नाक्याच्या रिक्षात बसताना बगितली मी तिला. एकलीच."

गेलो. चाचाच्या कारखान्यात सगळे लूम धाडधाड चालू, आणि ही दारात. दोन शुक्रवारी कानावर पडलेलं हिंदी जुळवून चाचाच्या कानाशी ओरडून सांगतेय, "चाचा, गलती बताओ. हाथ मत लगाओ."

चाचाने तिला पुन्हा म्हणायला लावलं. मग ह्यांच्याकडे बघितलं. "सॅमभाई, सुना? ये तुम्हारे लिए भी है."

पुढचा शुक्रवार मिळाला. अट नवी: बाम्बो बाहेर बसणार.

मी आनंदाने तिथल्या तिथे हालेलूया म्हटलं. खडखडाटात कोणाला ऐकू गेलं नाही.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनाची सुट्टी. जनाबाय ए.ला वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवर घेऊन गेली, मीही. एसटीत बायका वळून वळून बघत होत्या. जनाबाय सगळ्यांना सांगत होती, "माझे घरची पावनी हाय." कुंडात पाय टाकला आणि ए.ने जो सूर लावला! गाणंच. त्यांच्या भाषेतलं, पाण्याला उद्देशून. आजूबाजूच्या बायका आधी बावरल्या, मग टाळ्या द्यायला लागल्या. जनाबाय देवीला जाऊन आली, आम्ही दोघी बाहेर थांबलो, कोणालाच त्याचं काही वाटलं नाही.

येताना ए. म्हणाली, बाम्बो चांगला माणूस आहे, पण त्याच्या हातांना भीती वाटते. कसली, मी विचारलं. रिकामं राहण्याची, म्हणाली.

हे ह्यांना सांगितलेलं नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

हे समोरच्या चहाच्या टपरीवर, स्टुलावर. हात मांडीखाली दाबून. खरंच! आत लूम सुरू झाला की हे आवाजावरून सांगतात, "मार उशिरा बसतोय... आता लवकर... अगं..." आणि उठायला लागतात. मी मनगट धरते. टपरीवाल्याला वाटलं ह्यांना काही दुखणं आहे. आहेच.

आत चाचा नुसता खुर्चीत. ए. चुकते, तो मान हलवतो. पुन्हा लावते, पुन्हा मान हलवतो. संध्याकाळपर्यंत लूम चालला नाही. ए. चेहराभर काळं तेल घेऊन बाहेर आली आणि हसत म्हणाली, "आज मी स्वतः बिघडवला." ह्यांना ते काही झेपलं नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

चालला. पंधराएक मिनिटं. मग धोटा अडकला, पण उडाला नाही. उडाला नाही! चाचाने स्वतः चहा पाजला, तिला आधी.

हे रात्री जेवताना, "मी असतो तर..." इतकं बोलले आणि थांबले. स्वतःहून थांबले. आमच्या लग्नानंतर प्रथमच. भाकरी जास्त वाढली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार



रमजानआधीचा शेवटचा शुक्रवार. चाचाने परीक्षा ठेवली. सकाळीच लूम हवा तसा विस्कटून ठेवला. कुठे काय ढिलं केलं ते कोणाला सांगितलं नाही. हे टपरीवर, मी दारात, जनाबाय "बगू तं द्या" म्हणून माझ्याही पुढे.

ए.ने आधी काहीच केलं नाही. लूमभोवती फिरली. हाताने चाक फिरवून एकेक भाग सावकाश हलवून बघितला. मग खाली वाकली. गल्लीतले, शेजारच्या कारखान्यातले लोक जमले. एकाने राहवेना म्हणून बोट दाखवलं, तर चाचा गरजला, "हाथ नीचे!"

ए.ने मार लावला, पट्टा ताणला, धोटा घातला. बटण दाबलं.

धाड धाड धाड धाड. तो ताल! जन्मभर ज्या आवाजाला बोटं मोडली तो कानाला इतका गोड लागला की मी रडायलाच लागले. कापड हातभर पुढे सरकलं, मग आणखी. धोटा जागच्या जागी. गर्दीत शिट्ट्या. जनाबाय नाचली, खोटं नाही सांगत, पदर कमरेला खोचून नाचली. "बगा, बगा, बायमाणूस हाय!"

चाचा उठला. आपल्या खिशातला जुना पाना तिच्या हातात ठेवला. म्हणाला, "उस्ताद." इथे हा शब्द असा कोणालाही देत नाहीत. ह्यांना मिळायला किती वर्षं लागली ते मला ठाऊक आहे.

मागे वळते तर हे गर्दीच्या टोकाला, चष्मा काढून डोळे पुसतायत. "आवाजावरूनच कळलं मला," म्हणाले. "आवाजावरूनच." ए. धावत येऊन गळ्यात पडली, सगळा शर्ट तेलाने माखला. तो शर्ट धुवायचा नाही असं सांगण्यात आलंय. बघू.

प्रभू, तुझी थोरवी मोठी. पेढे गल्लीभर.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ए. गेली. जनाबायने सुकट इतकी बांधून दिली की विमानतळावर सगळे नाकाला रुमाल लावून. ह्यांनी तिला जाताना एकही सूचना दिली नाही. ओठ हलत होते, पण आवाज काढला नाही. आमचं तिकीट ईस्टरनंतरचं.

३ मार्च, मंगळवार

फोन नाही. हे दर तासाला बघतात, चार्ज आहे का, रेंज आहे का. "बंद पडले असतील, लाजून सांगत नाही ती." मी म्हटलं, किंवा चालू असतील. तो विचार ह्यांच्या डोक्यात आलाच नव्हता.

१२ मार्च, गुरुवार

फोन आला! हे उडी मारून, "कुठला? एक नंबर का दोन?"

ए. म्हणाली, दोन नंबर बंद पडला होता. परवा. दुरुस्त केला. आता दोन मुलींना शिकवतेय, हात न लावता. फार कठीण जातं, बाम्बो, तुमचं दुःख आता कळतं. मग फोन शेडमध्ये नेला. दोन्ही लूम, दोन्हींचा आवाज. मिशनची माणसं येऊन बघून गेली. शेड आमचीच राहिली. मक्याने दुसरी जागा शोधावी!

आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ओरडलो. जनाबाय पळत आली, कोण गेलं म्हणून.

शेवटी ए. म्हणाली, ईस्टरनंतर कापणीचा सण आहे. तुम्ही दोघं या. पण पाहुणे म्हणून. पहिल्या रांगेत बसायचं, जेवायचं. काम काही ठेवलेलं नाही.

फोन ठेवल्यावर हे चष्मा पुसत बसले. मग, "पाहुणा म्हणून? मी तिथे दिवसभर करू काय?"

मी हसले. म्हटलं, गडी शिकवतो आणि मग शिकले म्हणून रुसतो. बोलता बोलता मीच थांबले. क्लिनिकमधून मला शेवटचा फोन कधी आला? आठवेना. तिथल्या पोरीला, मेरीला, टाके मीच शिकवले. आधी रोज विचारायची, सिस्टर, हे कसं, ते कसं. किती दिवसांत काही विचारलेलं नाही. आणि मला आज, आत्ता कळतंय.

शाब्बास, मेरी. मनापासून. अभिमान वाटतो आणि त्याच वेळी वाटतं, एखादी गोष्ट तरी विचारायची होतीस. दोन्ही खरं.

ह्यांनी तिकिटं काढून टेबलावर ठेवलीत. जायचं का, विचारतायत. जायचं तर काय म्हणून. मी चहा ठेवला. तो पिऊन झाला, तिकिटं अजून टेबलावरच, म्हणून दुसरा ठेवलाय.