जोड नसलेलं कार्ड

अण्णा,

तुमच्या जावयाने परवा गाडीत पुन्हा तुमचं नाव काढलं. सकाळी आम्ही शारजाहून एकत्रच निघतो, रोल्लाजवळच्या आमच्या बिल्डिंगमधून, कारण त्याचंही ऑफिस जबल अलीत आणि माझंही. ट्रॅफिक अडकला होता. समोर बघत तो म्हणाला, "अण्णा असते ना, तर त्यांनी हे काम हसत केलं असतं." मी खिडकीबाहेर बघत राहिले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य मला अजून सोसत नाही. वडील माझे आणि आठवणी याच्याकडे.

त्याचं काम तुम्हाला आवडलं असतं, हे मला कबूल आहे. अमेरिकेत पूर्वी सिगारेटच्या पाकिटात बेसबॉल खेळाडूंची छोटी रंगीत कार्डं घालायचे. शंभर वर्षांपूर्वीची ती कार्डं लोक आता जिवापाड जपतात आणि हौशी माणसं दुबईतही आहेत. कार्ड खरं की नकली हे तुमचा जावई भिंगातून बघून सांगतो आणि तसा सहीचा दाखला देतो. आजच्या छपाईत ठिपके शिस्तीत, फुलासारखे बसतात. दगडावरून छापलेल्या चित्रात ते हाताने टाकलेले, वेडेवाकडे असतात. हे त्याला कुठल्या कोर्समध्ये कळलेलं नाही. तरुणपणी शिळाप्रेसमध्ये काम केलेल्या माणसाने, म्हणजे तुम्ही, आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याला ते शिकवलं.

ते रविवार मला नको इतके आठवतात. तो प्रेसमध्ये तुमच्या खात्यात नवीन लागलेला, छपाईचा डिप्लोमा झालेला मुलगा. मी ओट्यापाशी पोहे परततेय आणि माझ्या पाठीमागे तुम्ही दोघं जुनी लेबलं, कॅलेंडरं पसरून बसलाय. तुम्ही हसताय. घरात एवढं मोकळं हसताना मी तुम्हाला तोवर ऐकलं नव्हतं. शाळेत असताना एकदा मी तुमचं भिंग उचललं होतं, तेव्हा तुम्ही मान वर न करता म्हणाला होतात, "ठेव ते. तुला त्याचं काय काम?" तेच भिंग तुम्ही त्याच्या हातात असं देताय, जसं आई वाटीतली साय द्यायची. मी बशा आणून ठेवल्या, तर तुम्ही म्हणालात, "जरा बाजूला ठेव, तेल लागेल." पुढे स्थळ म्हणूनही त्यालाच आणलंत. लग्नात मला बांगड्या दिल्यात, त्याला ते भिंग. माणूस चांगला निघाला, माझी तक्रार नाही. पण तुम्ही माझ्यासाठी नवरा बघितला, असं मला कधी वाटलं नाही.

तर ते कार्ड. दुबई मरीनाला राहणाऱ्या एका बड्या गिऱ्हाइकाने आणलं होतं. खेळाडूही ओळखीचा, मागची सिगारेटची जाहिरातही ओळखीची, पण त्या जाहिरातीबरोबर त्या खेळाडूचं दुसरं कार्ड आजवर कोणाकडे सापडलेलं नाही. कागद जुना होता, शाई जुनी होती, निळ्या दिव्याखाली कुठे नव्या कागदासारखी चमक नव्हती. फक्त एक कड बाकीच्या तीन कडांसारखी नव्हती. "दुसरं असतं तर शेजारी ठेवून बघितलं असतं," हा घरी येऊन मला सांगायचा. "आता हे खरंच कार्ड आहे, की त्याच काळातल्या एखाद्या खोक्यावरून कापलेलं चित्र, कसं ठरवू?" गिऱ्हाइकाला ते विकायचं होतं. ऑफिसमधला साहेब रोज घाई करत होता, "यल्ला, साइन करो ना, खलास करो." याचं काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं आणि सीनियरची जागाही रिकामी होणार होती. लेकीचं बारावीचं वर्ष, तिचा व्हिसा त्याच्या नोकरीवर. तो जेवेनासा झाला.

त्या रात्री जेवताना तो पुन्हा म्हणाला, "अण्णा काय म्हणाले असते, तेच आठवत बसलोय." लेक फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "आजोबा साउंड्स सो कूल. मम्मा, हाउ कम यू नेव्हर टॉक अबाउट हिम?"

मी आमटी वाढत होते. मला जे झालं त्याला दुसरा शब्द नाही अण्णा, मी जळले. आणि माझ्या तोंडून निघालं, "मला म्हणाले होते एकदा. शेजारी ठेवायला दुसरं नसेल, तर पारख्याने 'माहीत नाही' म्हणावं. त्यात हरणं नसतं."

त्याचा घास हातातच राहिला. "कधी?"

"कॉलेजात होते तेव्हा. गॅलरीत."

"मला कधी नाही बोलले हे." तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लगेच ओळखलं. इतकी वर्षं ते माझ्याच चेहऱ्यावर होतं.

"सो ही टॉट यू टू?" लेकीने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याने लिहून दिलं की कागद, शाई आणि छपाई त्या काळातली आहे, पण हे त्या संचातलं कार्ड आहे की नाही, ते सांगता येत नाही. मरीनावाले गृहस्थ स्वतः आले होते. "तो फिर मेरे पास है क्या?" असं त्यांनी विचारलं. "सर, पता नहीं," हा म्हणाला, आणि वर माझं ते वाक्य हिंदीत करून त्यांना ऐकवलं. "मेरे ससुरजी मेरी वाइफ को कहते थे." ते कार्ड घेऊन गेले. पुढे लंडनच्या कोणीतरी त्यांना हवा तसा दाखला दिला, असं कानावर आलं. खरंखोटं कोणालाच ठाऊक नाही. याचं काँट्रॅक्ट रिन्यू झालं. सीनियरची जागा मात्र गेली, ती सहीला हात न आखडणाऱ्या एका पोराला मिळाली. मला वाटलं, हा खचेल. पण घरी येऊन त्याने चहा मागितला आणि म्हणाला, "अण्णांनी तुला सांगितलं नसतं ना, तर मी सही करून बसलो असतो." त्याच्या आवाजात आभार होते. आणि थोडा हेवाही होता, तो मी अगदी सावकाश ऐकला.

खरं सांगायला हवं होतं. रोज गाडीत तेवढा वेळ असतो. पण आता तो मला विचारतो, "अजून काय म्हणायचे अण्णा तुला?" आणि माझ्या उत्तराची वाट बघतो. तुमच्याबद्दल मला कोणी आजवर काही विचारलंच नव्हतं. त्यानंतर मी आणखी दोन वाक्यं तुमच्या नावावर घातली आहेत. एक कागदाबद्दल, एक घाईबद्दल. त्याला दोन्ही आवडली. लेकीने त्यातलं एक तिच्या मैत्रिणीला पाठवलं.

हे लिहिलेलं मी त्याला दाखवणार नाही, आणि तुमच्याकडे पाठवायची सोय नाही. तुम्ही मला गॅलरीत काहीच म्हणाला नव्हतात. तसं काही म्हणाला असतात, तरी ते त्यालाच म्हणाला असतात, एवढं मला माहीत आहे.